शाळेच्या दारीं आलेला संगणक

कित्ता गिरविणें आणि लिहिणें यांत अंतर काय, हें आपणांस सांगावयास नको. पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षरें गिरवी, मग कित्ता समोर ठेवून वळणदार ओळी उतरून काढी. पण त्याच मुलानें जेव्हां आपल्या मनांतील मजकूर आपल्या शब्दांत लिहून परगांवच्या मामाला धाडला, तेव्हां कोठें घरच्यांनीं मान्य केलें कीं, पोर आतां लिहूं लागलें. गिरविणें ही पायरी होती, लिहिणें हें साध्य होतें. जी शाळा मुलांकडून वर्षानुवर्षें कित्ताच गिरवून घेईल, तिच्यांतून सुरेख हस्ताक्षराचे नक्कलनवीस बाहेर पडतील. पण त्यांना साक्षर म्हणावयास आपली जीभ अडखळेल.

ज्या विद्येचा अल्पसा इतिहास आज मला सांगावयाचा आहे, ती संगणकाची विद्याहि याच दोन पायऱ्यांमध्यें बराच काळ घोटाळत राहिली आहे. शाळेंत संगणक शिकवावयाचा म्हणजे नेमकें काय शिकवावयाचें? दुसऱ्यानें तयार केलेलें साधन वापरावयास शिकवावयाचें, कीं यंत्राला स्वतः काम सांगावयास शिकवावयाचें? हा प्रश्न इंग्लंडनें मोठ्या हिरिरीनें हातीं घेतला, मध्यें वीस वर्षें विसरला, आणि पुन्हां उचलला. त्या कथेचा एक धागा आपल्या देशांतील शाळांपर्यंतहि येऊन पोंचला आहे. म्हणून ती कथा आपणांसहि ऐकण्यासारखी आहे.

मुलांसाठीं या विद्येचा पहिला ठळक पाठ रचला गेला तो मात्र अमेरिकेंत. १९६७ सालीं वॉली फोयर्झाइग, सीमोर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनीं मुलांना संगणकाशीं बोलतां यावें म्हणून 'लोगो' नांवाची एक सोपी भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत या भाषेच्या जोडीला एक कासव आलें. हें कासव कधीं जमिनीवर चालणारें लहानसें यंत्र असे, तर कधीं पडद्यावरील एक खूण. मुलानें त्याला आज्ञा करावी: शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. हीच आज्ञा चार वेळां दिली कीं चौरस पुरा होई. आतां मुलाला त्रिकोण काढावयाचा आहे. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हें त्याला पाठ असतें; म्हणून तें कासवाला साठ अंश वळावयास सांगतें, आणि कासव त्रिकोण सोडून अर्धा षट्कोन काढून थांबतें! मूल चकित होतें, उठून स्वतः कासवासारखें चालून पाहतें, आणि मग त्याच्या ध्यानीं येतें कीं, कोपऱ्यावर आपणांस साठ नव्हे तर एकशें वीस अंश वळावें लागतें. येथें कोणीं छडी उगारलेली नाहीं कीं उत्तर सांगितलेलें नाहीं. चूक मुलानेंच शोधिली व मुलानेंच सुधारिली. यंत्रानें मुलाला चालविण्याऐवजीं मुलानें यंत्राला चालवावें, म्हणजे तें स्वतःच्या विचाराचाच विचार करूं लागेल, असा सिद्धांत पॅपर्ट यांनीं १९८० सालीं 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथांत मांडला.

हा झाला प्रयोगशाळेंतील विचार. तो सबंध राष्ट्राच्या घराघरांत व शाळाशाळांत नेण्याचा प्रयत्न इंग्लंडांत झाला, आणि त्याचें निमित्त भीति हें होतें. १९७८ सालच्या मार्च महिन्यांत बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर 'होरायझन' या मालेंत एक कार्यक्रम झाला. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर सबंध गणकयंत्राचा मेंदू मावूं लागला असून त्यामुळें कारखान्यांतील व कचेऱ्यांतील कित्येक कामें नाहींशीं होतील, असें भविष्य त्यांत वर्तविलें होतें. देशांत खळबळ उडाली. पुढल्या वर्षीं डेव्हिड ॲलन व रॉबर्ट ऑल्बरी यांनीं या विषयाचा अभ्यास करून अहवाल लिहिला आणि त्यांतून बी. बी. सी.ची संगणक-साक्षरतेची योजना उभी राहिली. योजकांची दृष्टि मोठी स्वच्छ होती. पोहणें जसें काठावर बसून येत नाहीं, तसा संगणक नुसता पाहून कळणार नाहीं. प्रेक्षकाच्या हातीं यंत्र पाहिजे. पण बाजारांत नाना घडणीचीं यंत्रें होतीं व एकासाठीं लिहिलेला पाठ दुसऱ्यावर चालत नसे. तेव्हां आपल्या पाठांना जुळणारें एक यंत्र आपल्याच नांवानें करवून घ्यावें, असें त्या संस्थेनें ठरविलें.

तें काम केंब्रिज येथील 'एकॉर्न' या लहानशा कंपनीला मिळालें, त्याची हकीकत गमतीची आहे. १९८१ सालच्या आरंभीं बी. बी. सी.चे लोक शुक्रवारीं पाहणीला येणार होते, आणि दाखवावयास यंत्र तर नव्हतें. कंपनीचे एक चालक हर्मन हाउझर यांनीं आपल्या दोन तरुण तज्ज्ञांना, सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांना, वेगवेगळें गांठून विचारलें कीं, आठवड्याभरांत नमुना होईल काय? दोघांनींहि अशक्य म्हणून सांगितलें. तेव्हां हाउझर यांनीं प्रत्येकाला खुशाल ठोकून दिलें कीं, दुसऱ्यानें तर होकार दिला आहे! मग काय विचारतां? रात्रीचा दिवस करून काम झालें, आणि शुक्रवारीं पाहुणे येण्यापूर्वीं कांहीं तास यंत्र चालूं लागलें. यांतील स्टीव्ह फर्बर हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां एकदां या कथेंत येणार आहे.

'बी. बी. सी. मायक्रो' हें यंत्र १९८१ च्या डिसेंबरांत बाहेर पडलें. लहान नमुन्याची किंमत प्रथम २३५ पौंड व मोठ्याची ३३५ पौंड ठरली होती. एकाची स्मृति १६ किलोबाइट, तर दुसऱ्याची ३२. आपल्या खिशांतील मोबाइलनें काढलेल्या एका छायाचित्रालाहि याहून कितीतरी अधिक जागा लागते. तथापि या यंत्राचें खरें मोल तें सुरू झाल्यावर दिसे. कळ दाबतांच बारीकसा नाद होई, पडद्यावर एक लहान चिन्ह उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत स्तब्ध राही. तेथें दुकान मांडलेलें नव्हतें कीं करमणूक वाढून ठेविलेली नव्हती. मुलानें कांहीं सांगितल्याशिवाय तें कांहींच करीत नसे. विल्सन यांनीं रचिलेली 'बेसिक' भाषा त्याच्या अंगींच भरलेली होती. मुलानें दोन ओळी लिहाव्या. पहिलींत सांगावें कीं माझें नांव उमटव, दुसरींत सांगावें कीं पुन्हां पहिल्या ओळीकडे जा. एवढ्यानें सबंध पडदा त्या नांवानें भरून वाहूं लागे. यंत्र थकत नाहीं आणि सांगितलेल्यापेक्षां अधिक कांहीं जाणत नाहीं, हीं दोन्ही सत्यें मुलाला त्या दोन ओळींत कळत.

१९८२ च्या जानेवारींत 'द कंप्यूटर प्रोग्रॅम' ही दहा भागांची माला दूरचित्रवाणीवर सुरू झाली. बारा हजार यंत्रें खपतील असा आरंभीचा अंदाज होता. पुढें पंधरा लाखांच्या आसपास खपलीं. नभोवाणीनेंहि आपला वांटा उचलला. त्या काळीं संगणकाचे कार्यक्रम साध्या ध्वनिफितीवर किरकिऱ्या नादाच्या रूपानें सांठविले जात. मग तोच नाद आकाशांतून सोडला तर काय हरकत, अशी कल्पना निघाली. हॉलंडमध्यें 'हॉबीस्कूप' या कार्यक्रमांतून, आणि पुढें बी. बी. सी.च्या 'चिप शॉप' या कार्यक्रमांतून, असे नाद प्रक्षेपित होत. श्रोता ते फितीवर टिपून घेई, ती फीत आपल्या यंत्राला ऐकवी, आणि आकाशांतून आलेला कार्यक्रम घरच्या संगणकांत उतरे.

सरकारहि स्वस्थ बसलें नव्हतें. १९८१ पासून माध्यमिक शाळांना, व १९८२ पासून प्राथमिक शाळांनाहि, यंत्राची अर्धी किंमत सरकारी तिजोरींतून मिळूं लागली. शिक्षक तयार करण्यासाठीं रिचर्ड फॉदरगिल यांच्या नेतृत्वाखालीं १९८० ते १९८६ पर्यंत एक स्वतंत्र योजना चालली. सर्वच कांहीं गोमटें होतें असें मात्र नाहीं. पुष्कळ प्राथमिक शाळांत सबंध शाळेला मिळून एकच यंत्र असे. तें गाड्यावर घालून या वर्गांतून त्या वर्गांत फिरवावें लागे. उत्साही चार मुलगे त्याभोंवतीं गराडा घालीत व मुली मागें राहत. तरीहि त्या पिढीच्या एका भागाला यंत्राचें अंतरंग पाहावयास मिळालें, हें निर्विवाद. विल्सन व फर्बर यांनीं १९८५ सालीं जो नवा प्रक्रियक घडविला, त्याचा वंश 'आर्म' या नांवानें आज जगांतील बहुतेक सर्व मोबाइल फोनांत नांदत आहे.

आतां हाच धागा हिंदुस्थानाकडे येतो. संगणकाची विद्या आपणांस अपरिचित होती असें नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' हा येथेंच बांधलेला संगणक १९६० सालीं कार्याला लागला होता. पण ती विद्या संशोधकांच्या दालनांत होती. शाळेची पायरी तिनें चढलेली नव्हती. १९८४-८५ सालीं भारत सरकारच्या शिक्षण व इलेक्ट्रॉनिक्स या दोन खात्यांनीं मिळून 'क्लास' नांवाची योजना आंखली आणि सुमारे अडीचशे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत यंत्रें बसविलीं. तीं यंत्रें दुसरीं कोणतीं नसून तीच 'बी. बी. सी. मायक्रो' होतीं. दशक संपतां संपतां शाळांची संख्या दोन हजारांवर गेली. मुलांच्या मनांतील यंत्राचें गूढ घालवावें व त्यांना तें हाताळूं द्यावें, हा हेतु चांगलाच होता.

परंतु यंत्र जितक्या सहज जहाजांतून येतें, तितक्या सहज त्यामागची शिकवण येत नाहीं. इंग्लंडांत यंत्राच्या पाठीशीं दूरचित्रवाणीची माला होती, पुस्तकें होतीं, शिक्षकांची तयारी होती, घरोघरीं तेंच यंत्र होतें. येथें पाठ बव्हंशीं परदेशांतून आलेले, शिक्षकांचें शिक्षण अल्प मुदतीचें, आणि वर्गाच्या वाट्याला यंत्राजवळ मिळणारा वेळ त्याहून अल्प. त्यांतच भाषेचा अडसर. यंत्राची आज्ञा इंग्रजींत. ज्या मुलाला 'प्रिंट' या शब्दाचा अर्थच ठाऊक नाहीं, त्याला तो मंत्र वाटावा यांत नवल काय? आणि अर्थ न जाणतां मंत्र पाठ करणें म्हणजे पुन्हां कित्ताच गिरविणें. भारतीय लिपींच्या संगणकीय संकेतांचें प्रमाण १९९१ सालीं ठरलें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या परिश्रमानें देवनागरी अक्षर पडद्यावर सुखानें नांदूं लागलें. तोंवर मराठी शाळेंतील मुलाला यंत्राच्या दारींच परकें वाटत असे.

इकडे इंग्लंडांतहि वारें फिरलें. १९९० नंतर कचेऱ्यांतलीं यंत्रें शाळांत शिरलीं. हीं यंत्रें सुरू होतांच आज्ञेची वाट पाहत नसत. तीं तयार साधनांचीं चित्रें मांडून बसत. पत्र टंकणें, हिशेबाचे तक्ते भरणें, व्याख्यानाचीं पानें सजविणें, हाच विषय झाला, आणि विसावें शतक संपतां संपतां त्याला 'माहिती व दळणवळण तंत्र' असें भारदस्त नांवहि मिळालें. हीं कामें निरुपयोगी आहेत असें कोण म्हणेल? पण चौदा वर्षांच्या मुलानें अकराव्या वर्षीं शिकलेलेंच तक्ते पुन्हां भरावे, ही विद्या नव्हे. इतर विषयांचे शिक्षक तासापुरते उसने आणून हा विषय उरकण्याची वहिवाट पडली. केंब्रिज विद्यापीठांतील एबेन अप्टन यांच्या ध्यानीं आलें कीं, संगणकशास्त्रासाठीं येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या व तयारी दोन्ही घटत चालल्या आहेत. नव्या पिढीला यंत्र वापरतां येतें, पण त्याला सांगतां कांहीं येत नाहीं.

१९१२ नव्हे, २०१२ हें वर्ष या कथेंत निर्णायक ठरलें. शतकाचें अंतर वाटावें इतका पालट मधल्या तीस वर्षांत झाला होता, म्हणून मुद्दाम सांगतों. त्या वर्षींच्या जानेवारींत लंडनच्या रॉयल सोसायटीनें शाळांतील संगणक-शिक्षणावर एक परखड अहवाल प्रसिद्ध केला. चालू शिक्षण अत्यंत असमाधानकारक आहे आणि पुष्कळ मुलांना टंकलेखनासारख्या प्राथमिक कौशल्यांपलीकडे कांहीं मिळत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. हा अहवाल करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष कोण होते? तेच स्टीव्ह फर्बर. ज्यांनीं एका आठवड्यांत तें पहिलें यंत्र उभें केलें होतें! आपण लाविलेलें झाड कां वठलें, याचा पंचनामा करण्याची पाळी स्वतः माळ्यावर आली होती. मंडळानें एक मोलाची गोष्ट केली. एकाच नांवाखालीं कोंबलेले तीन विषय त्यानें निराळे केले: साधनें सुरक्षितपणें व समंजसपणें वापरण्याची साक्षरता, तीं साधनें व्यवहारांत योजण्याचें तंत्र, आणि त्यांच्या मुळाशीं असलेलें शास्त्र.

पुढें गोष्टी झपाट्यानें घडल्या. शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनीं त्याच जानेवारींत जुना अभ्यासक्रम मोडीत काढण्याचें जाहीर केलें. फेब्रुवारीच्या २९ तारखेस अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक विक्रीस काढला. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडांत पांचव्या वर्षापासूनच्या मुलांसाठीं नवा अभ्यासक्रम लागू झाला, आणि २०१६ सालीं बी. बी. सी.नें सुमारे दहा लक्ष शाळकरी मुलांना 'मायक्रो बिट' नांवाचें चिमुकलें यंत्र फुकट वाटलें.

येथें कथा सुफळ संपूर्ण झाली असें वाटेल. पण २०१७ सालीं त्याच रॉयल सोसायटीनें पुन्हां पाहणी केली, तेव्हां दिसलें कीं इंग्लंडांतील ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला संगणकशास्त्र हा विषयच ठेविलेला नाहीं, आणि तो घेणाऱ्या दर पांच मुलांत मुलगी एकच. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. २०१२ ते २०१७ या काळांत या विषयाचे जितके नवे शिक्षक भरावयाचे ठरले होते, त्यांपैकीं ६८ टक्केच मिळाले होते. यंत्र आलें होतें, अभ्यासक्रम आला होता. गुरुजी आले नव्हते. मग सरकारनें ८४ दशलक्ष पौंड बाजूस काढून शिक्षकांच्या शिक्षणासाठीं राष्ट्रीय केंद्र उभारिलें. जें आरंभीं करावयाचें, तें शेवटीं झालें.

श्रोतेहो, या चाळीस वर्षांच्या कथेचें सार मला एवढेंच दिसतें. प्रत्येक वेळीं पैसा व गाजावाजा प्रथम यंत्राभोंवतीं जमला, आणि प्रत्येक वेळीं यशापयश ठरलें तें शिक्षकाला दिलेल्या वेळावर. आपल्याकडेहि याची साक्ष आहे. केरळानें २००१ सालीं आपली शालेय संगणक-योजना सुरू केली, तेव्हां शाळेंतील शिक्षकांनाच तयार करून त्यांच्याकडून इतर शिक्षकांस शिकविलें, व पुढें मुक्त आज्ञावली स्वीकारली, म्हणजे जिचें अंतरंग कोणालाहि उघडून पाहतां येतें अशी. मुंबईच्या आय. आय. टी.मधील अध्यापकांनीं 'कंप्यूटर मस्ती' या पाठ्यपुस्तकांतून लहान मुलांना यंत्राइतकीच विचाराची रीतहि शिकविली. महाराष्ट्रांत २००१ पासून 'एम. एस.-सी. आय. टी.' या अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवोगांवीं लक्षावधि माणसांचा माउसवरचा हात बसविला, हें काम लहान नव्हे. ज्याला अर्ज भरतां येत नाहीं, बँकेचा व्यवहार पडद्यावर ओळखतां येत नाहीं, भामट्याचा निरोप पारखतां येत नाहीं, तो आज अक्षरशः नाडला जातो. कित्त्यालाहि किंमत आहे. फक्त तेथें थांबूं नये.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मधल्या इयत्तांपासून यंत्राला आज्ञा लिहिण्याचें शिक्षण सुचविलें आहे. पण २०२३-२४ सालच्या सरकारी पाहणींत देशांतील सुमारे ५७ टक्केच शाळांत चालू स्थितींतील संगणक आढळले. उरलेल्या शाळांतलीं मुलें अर्थातच गरिबांघरचीं आहेत. यंत्राला आज्ञा करणारीं मुलें एका बाजूस व यंत्राची आज्ञा पाळणारीं दुसऱ्या बाजूस, अशी नवी जातपात आपल्याच डोळ्यांसमोर उभी राहूं नये, हा या विषयांतील खरा प्रश्न आहे.

आणि आतां तर कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें मुलाचा निबंधहि लिहून देऊं लागलीं आहेत. पूर्वीं कित्ता पंतोजी घालून देत. आज तो यंत्र घालून देतें, आणि मूल तो उतरून काढतें. अशा वेळीं मुलाच्या पाठीशीं उभें राहून, "हें यंत्रानें असें कां लिहिलें असेल, आणि तें खरें कशावरून?" असें विचारणारा एक माणूस वर्गांत हवा. तो माणूस तयार करावयास वर्षें लागतात. यंत्र विकत घेण्यापूर्वीं त्या वर्षांची तजवीज करावी, एवढीच विनंति आपल्या शाळांच्या चालकांस व पालकांस करून मी आपली रजा घेतों.